एकटी सोंगटी

कुताइसीत आमच्या इमारतीच्या अंगणात
पुरुष अजून लाकडी पटावर नार्दी खेळतात.
गिवी सोंगटी ठेवत नाही, आपटतो;
चौथ्या मजल्यावर माझ्या कपातला चहा हलतो.
दोन सहा पडले की ‘दु-शश!’ अशी आरोळी,
आणि मग अर्धा तास भांडण,
की फासा फळीला टेकून तिरका राहिला, तो धरायचा का नाही.

माझ्या टॅबलेटवर फासा तिरका राहत नाही.
थेओनाने बारीहून पाठवलाय,
मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर,
ऑलिव्ह तेलाच्या दोन डब्यांमध्ये, स्वेटरात गुंडाळून.
एक कोपरा अजून तेलकट आहे.
बोट लावलं की फासे आपले आपण गडगडतात,
जिथे जाता येतं ती घरं हिरवी होतात,
चुकीच्या घरात सोंगटी नेली
तर रबराने ओढल्यासारखी परत येते.
रडीचा डाव खेळायची सोयच ठेवलेली नाही.
मला त्याचं थोडं वाईट वाटतं.
ट्रकच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत
मी फोरमनला हरवायची ती निम्मी नशिबाने,
निम्मी बाहीने.

थेओना तिथे एका म्हाताऱ्याला सांभाळते.
उठवते, भरवते, त्याच्या पायाची नखं कापते.
फोनवर म्हणते, बरी आहे. मी म्हणते, मीही.
खरं काय ते डावात कळतं.
एक चाल तिची, एक माझी,
दिवसाला चार-पाच, कधी एकच.
लहानपणापासूनची तिची खोड:
सोंगटी एकटी सोडायची आणि पुढे पळायचं.
दहादा मारली तरी अकराव्यांदा तेच.

मागच्या सोमवारपासून ती बदलली.
चाल येते बरोबर तीनला.
सोंगट्या जोडीजोडीने, दारं बंद, कड्या लावलेल्या.
गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तशी चाल:
आधी एक पाय,
तो टिकतो का ते बघून दुसरा.
मी तीन डाव हरले.
चौथ्याला फोन केला. कोण खेळतंय हे?

ती हसली. खूप दिवसांनी, तोंडात घास असताना.
‘सिन्योर रुज्जेरो. दुपारी झोप नसते त्यांना.
मी फरशी पुसते तेवढा वेळ फोन देते.
म्हणतात, तुझी आई चोर आहे.’

चोर.
तिचे हात महिन्याच्या बोलीवर घेतले,
पाठ घेतली, रविवार घेतले,
आता तिची पाळीसुद्धा.
फार राग आला.
दुसऱ्या दिवशी तीन वाजता केस विंचरून बसले होते, हेही खरं.

आम्हा दोघांना येईल अशी एकही भाषा नाही.
अ‍ॅपमध्ये पाठवायला सहा चेहरे आहेत.
ते जिंकले तरी रडका पाठवतात.
चष्मा लावत नसावेत.

काल रात्री अकरा वाजून गेल्यावर
(तिकडे नऊ; त्यांना झोपवून झालं असेल)
टॅबलेट थरथरला, आंबट प्लमच्या चटणीच्या बाटलीशेजारी.
पाच आणि एक.
आठवडाभर लावलेल्या कड्या सताड उघडून
एक पांढरी सोंगटी माझ्या तोफेच्या तोंडी, एकटी,
आणि दुसरी पुढे पळालेली.

आलीस का गं.

मला एका फाशावर तीन हवा होता. पडला.
क्षणभर वाटलं, राहू दे, दमली असेल,
बाजूने जावं, दिसलंच नाही असं करावं.
पण मग तिच्या लक्षात आलं असतं
की आई दया करायला लागली.
तिने लगेच विमानाच्या तिकिटाची चौकशी केली असती.

मारली.
काचेवर नुसतं टिक झालं.
एवढ्याने माझं भागेना,
म्हणून टेबलावर तळहात हाणला, गिवीसारखा.
खालच्या मजल्यावर दिवा लागला
आणि कोणीतरी माझ्या आईचा उद्धार केला.